रिपोर्ट चांगले, मग आई खूश का नाही?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या वेळची पत्रं बरीचशी एकाच सुरातली आहेत. घरात कुणीतरी म्हातारं माणूस आहे, जुनाट आजार आहे, गोळ्या वेळेवर, फॉलोअप चुकत नाही, आणि तरीही त्या माणसाचं काही खरं नाही असं घरच्यांना वाटतंय. काही जणांनी तर स्वतःबद्दलच लिहिलंय. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं नेहमीप्रमाणे काढलीत. आणि प्लीज, इथलं वाचून कोणी औषधाचा डोस परस्पर बदलू नका, आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आईचं वय ७६. डायबिटीस २० वर्षांपासून, बीपी आहे, दोन्ही गुडघे दुखतात. आम्ही तिची खूप काळजी घेतो, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.३ आलाय म्हणजे एकदम कंट्रोल. पण ती दिवसभर गप्प बसून असते, चक्कर येईल म्हणून बाहेर पडत नाही, मैत्रिणींकडे जाणं बंद झालंय, गोड मागितलं की आम्ही ओरडतो मग ती चिडते. सगळं कंट्रोलमध्ये असताना ती खूश का नाहीये, आमचं काय चुकतंय?

उत्तर : तुम्ही ६.३ अभिमानाने लिहिलंय, पण मी तिथेच जरा थबकले. तुम्ही गोळ्यांची नावं दिलेली नाहीत त्यामुळे ठाम सांगत नाही, पण ७६ वय, इतका जुना डायबिटीस, सोबत अजून दोन दुखणी, अशा माणसाला एवढी टाइट शुगर लागतेच असं नाही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या गाइडलाइन्स बघा, त्या म्हणतात ठणठणीत ज्येष्ठ माणसाचं टार्गेट साधारण ७ ते ७.५ च्या खाली, आणि बरेच आजार असतील किंवा रोजच्या कामात मदत लागत असेल तर ८ च्या खाली असलं तरी पुरे. कारण सरळ आहे, शुगर टाइट ठेवल्याचा फायदा मिळायला बरीच वर्षं जातात आणि शुगर एकदम खाली जाण्याचा धोका मात्र आज दुपारचाच असतो. इन्सुलिन चालू असेल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांच्यासारखी गोळी असेल तर हा धोका चांगलाच. नुसती मेटफॉर्मिन असेल तर भीती फार कमी. म्हातारपणी लो शुगर घाम आणि थरथर घेऊनच येते असं नाही, कधी नुसती चक्कर, कधी गोंधळल्यासारखं, कधी गळून गेल्यासारखं होतं आणि घरचे म्हणतात वय झालं. बीपीसाठी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी) असेल तर छातीतली धडधडही नीट जाणवत नाही, म्हणजे धोक्याची घंटाच बंद. तेव्हा चक्कर येते त्याच क्षणी मशीनवर शुगर बघा आणि तो आकडा लिहून ठेवा, डॉक्टरांना रिपोर्टच्या फाइलपेक्षा त्या वहीचा जास्त उपयोग होईल.

दुसरं म्हणजे बीपी उभं राहून मोजलंय का कधी? बहुतेक नसेल, कोणी मोजतच नाही. पाच मिनिटं आडवं पडू द्या, बीपी घ्या, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या, धरायला कुणीतरी बाजूला असू द्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर चक्करेचं कारण तिथेच आहे, बीपीच्या गोळ्यांचा परत विचार करायला सांगा.

आता तुमचा खरा प्रश्न, खूश का नाही. ईक्यू-५डी नावाचा एक छोटासा फॉर्म आहे, जगभर वापरतात. त्यात पाचच गोष्टी विचारतात. हिंडता फिरता येतं का, स्वतःचं आवरता येतं का, नेहमीची कामं जमतात का, दुखतंय का, चिंता किंवा उदासी आहे का. शेवटी ० ते १०० ची एक पट्टी असते, आज तब्येत कशी वाटतेय तिथे खूण करायची. बघा, यात शुगर नाही, बीपी नाही, कोलेस्टेरॉल नाही. आईच्या बाबतीत या पाचातल्या चार तरी गोष्टी बिघडलेल्या दिसतायत आणि तुम्ही लक्ष ठेवताय ते यादीत नसलेल्या सहाव्या गोष्टीवर. आकडे महत्त्वाचेच आहेत, डोळे किडनी वाचवायची आहे, पण ती वाचवायची कशासाठी हे आईला विचारा ना. मला वाटतं उत्तर मैत्रिणी असं येईल. मग पुढच्या अपॉइंटमेंटला डॉक्टरांना हेच सांगा की हिला आठवड्यातून दोनदा मैत्रिणीकडे चालत जायचंय, त्यासाठी काय करता येईल. गुडघ्यांसाठी फिजिओ, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, हातात काठी, चक्करेचा बंदोबस्त, सगळं त्या एका वाक्यातून निघतं. व्यायामाने गुडघे अजून झिजतील ही भीती काढून टाका, संधिवातात बेताचा व्यायाम हा उपचारच आहे. आणि गोडावरून ओरडणं थांबवा, ७६ वर्षांच्या बाईला लहान मुलीसारखं रागावलं की ती चिडणारच, मी तरी प्रमाणात खाऊ द्यायच्या बाजूची आहे.

प्रश्न : डॉक्टर, मी ७१ वर्षांचा, सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, सिगरेट सोडून ६ वर्षं झाली. इनहेलर घेतो. जिना चढलो की दम लागतो, आंघोळ करतानासुद्धा लागतो. मुलं म्हणतात बाबा तुम्ही आराम करा, आता मी बसूनच असतो. पण बसूनही दम वाढतच चाललाय. फुफ्फुसं अजून बिघडली का?

उत्तर : काका, बिघडली असतीलही, ते स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकर मारायच्या टेस्टमध्ये, कळेल, पण तुमच्या पत्रावरून मला फुफ्फुसांइतकाच पायांवरही संशय येतोय. दम लागतो म्हणून माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाली की पायाचे स्नायू वाळतात, वाळलेले स्नायू तेवढ्याच कामाला जास्त ऑक्सिजन मागतात, मग अजून दम, मग अजून आराम. मुलांचं प्रेम आहे पण सल्ला उलटा आहे. २००७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला होता, चांगल्या तब्येतीच्या वयस्कर लोकांना १० दिवस नुसतं बेडवर ठेवलं, तर पायांमधून जवळजवळ एक किलो स्नायू गेला. ते निरोगी लोक होते आणि फक्त १० दिवस होते, तुम्ही किती महिने बसून आहात ते बघा.

यावर जे औषध आहे त्याला पल्मनरी रिहॅब म्हणतात आणि ते बाटलीत मिळत नाही. साधारण ६ ते १२ आठवड्यांचा कार्यक्रम असतो, आठवड्यातून दोनतीनदा देखरेखीखाली चालणं, सायकल, हातापायांना हलकी वजनं, श्वासाचे प्रकार, इनहेलर नीट घेता येतो का ते तपासणं. गंमत म्हणजे याने फुंकर मारायच्या टेस्टचा आकडा फारसा सुधारत नाही. दम मात्र कमी लागतो, जास्त अंतर चालता येतं, माणसाला बरं वाटतं, आणि हे एकदोन नाही ढीगभर अभ्यासांमध्ये दिसलंय. फुफ्फुसं तीच, आयुष्य वेगळं. तुमच्या छातीच्या डॉक्टरांना नाव घेऊन विचारा, कारण बऱ्याचदा कोणी आपणहून सुचवत नाही.

तोपर्यंत घरात, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर : नाकाने श्वास आत, आणि शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून हळूहळू बाहेर, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ बाहेर सोडायला. जिना चढताना जोर लावायच्या क्षणी श्वास बाहेर सोडा, धरून ठेवू नका. आंघोळ स्टुलावर बसून करा, यात कमीपणा काही नाही, वाचलेला दम नंतर फिरायला वापरा. चालताना थोडा दम लागला पाहिजे, ० ते १० मध्ये ३-४ एवढा, थोडा दम धोकादायक नसतो हे मुलांनाही समजावून सांगा. पण बसल्याजागी दम, छातीत दुखणं, ओठ निळे, पाय सुजणं, यातलं काही असेल तर व्यायाम नाही, सरळ दवाखाना. तुम्ही लिहिलंय की बसूनही दम वाढतोय म्हणून आधी एकदा हार्ट आणि हिमोग्लोबिन बघून घ्याच. फ्लू आणि न्यूमोनियाची लस घेतली नसेल तर तेही विचारा. प्रत्येक मोठ्या इन्फेक्शननंतर तुम्ही एक पायरी खाली येता आणि परत वर चढायला फार वेळ लागतो.

प्रश्न : सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक झाला, उजवा हात आणि पाय कमजोर आहे, व्हीलचेअर लागते. बोलणं ठीक आहे. पूर्वी ते फार रुबाबात राहायचे, आता त्यांना असं बघवत नाही. आम्हाला वाटतं हे काय जगणं आहे. पण विचारलं की म्हणतात मी मजेत आहे. ते आमच्यासाठी खोटं बोलतात का?

उत्तर : कदाचित. पण कदाचित खरंच मजेत असतील, हा विचार करून बघितलात का? १९९९ मध्ये अल्ब्रेक्ट आणि डेव्हलिगर या दोन संशोधकांनी बऱ्यापैकी मोठं अपंगत्व असलेल्या लोकांच्या मुलाखती छापल्या, त्यातल्या ५४ टक्के लोकांनी आपलं आयुष्य चांगलं किंवा उत्तम चाललंय म्हणून सांगितलं, बाहेरून बघणाऱ्याला ते दयनीय वाटत असलं तरी. बाहेरचा माणूस काय गेलं ते मोजतो आणि आतला माणूस उरलेल्यात संसार मांडून मोकळा झालेला असतो. मोजपट्टीच बदलते त्यांची. पूर्वी रुबाब महत्त्वाचा होता, आता नातवाशी गप्पा असतील. घरच्यांनी पेशंटच्या वतीने ईक्यू-५डीसारखा फॉर्म भरला की त्यांचे मार्क पेशंटच्या स्वतःच्या मार्कांपेक्षा बऱ्याचदा कमी येतात, हे वेगवेगळ्या आजारांमध्ये दिसलेलं आहे. यात धोका हा की उद्या काही मोठा निर्णय आला, ऑपरेशन करायचं का, आयसीयूत न्यायचं का, तर तुम्ही तुमच्या दुःखावरून ठरवाल. म्हणून ते नीट बोलू शकतायत तोवर त्यांनाच विचारून ठेवा, काय झालं तर काय हवं काय नको.

पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन ८० वर्षांचा असताना त्याला विचारलं होतं की या वयात इतकं छान कसं वाजवता. त्याने सांगितलं, आता कमी रचना वाजवतो, त्यांचाच जास्त सराव करतो, आणि जलद भाग यायच्या आधी मुद्दाम थोडा हळू होतो म्हणजे पुढचा वेग जास्त वाटतो. पॉल आणि मार्ग्रेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ जोडप्याने याच तीन गोष्टींवर चांगल्या म्हातारपणाची अख्खी थिअरी उभी केली : निवडक ठेवा, त्यात मेहनत घ्या, कमतरता युक्तीने झाका. सासऱ्यांनी नकळत हेच केलं असेल.

तुम्ही एक करा, त्यांचे छोटे निर्णय त्यांच्याकडेच राहू द्या. कपडे कुठले, आंघोळ कधी, टीव्हीवर काय. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका वृद्धाश्रमात बघितलं की ज्यांना अशा लहानसहान गोष्टी ठरवू दिल्या आणि एक रोपटं सांभाळायला दिलं ते बाकीच्यांपेक्षा जास्त हुशारीत आणि हिंडतेफिरते राहिले. व्हीलचेअर आपण ढकलतो म्हणून दिशापण आपणच ठरवायची असं होतं घराघरात.

आणि खोटं बोलत असतील तर? ते तोंडावर नाही, वागण्यात दिसतं. जेवण कमी, पहाटे फार लवकर जाग, नातवातही रस नाही, फिजिओ टाळणं. तसं असेल तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : म्हातारपणी एवढे आजार असले की डिप्रेशन येणारच ना? त्याला वेगळं औषध कशाला?

उत्तर : येणारच असं नाही. दुःख होणं वेगळं, डिप्रेशन वेगळं. स्ट्रोक, पार्किन्सन, हार्टचे आजार यांच्यात डिप्रेशनचं प्रमाण जास्त असतं हे खरं, पण म्हणून ते नॉर्मल होत नाही, ताप न्यूमोनियात येतोच म्हणून आपण सोडून देतो का. डिप्रेशन असलं की तोच गुडघा जास्त दुखतो, गोळ्या चुकतात, व्यायाम बंद पडतो, म्हणजे मूळ आजारही बिघडतो. ओळखायला अवघड जातं कारण थकवा, भूक नसणं, झोप नसणं हे आजारानेही होतं. म्हणूनच वयस्कर लोकांसाठी जीडीएस नावाची जी प्रश्नावली आहे, छोटी आवृत्ती १५ हो-नाही प्रश्नांची, तिच्यात शरीराच्या तक्रारी मुद्दाम वगळल्यात. आयुष्य रिकामं वाटतं का, बाहेर जाण्यापेक्षा घरीच बसावंसं वाटतं का, असे साधे प्रश्न आहेत. समुपदेशन आणि गोळ्या दोन्हीचा या वयातही उपयोग होतो. गोळ्या सुरू केल्यावर रक्तातलं सोडियम तपासायला सांगा, वयस्कर लोकांमध्ये काही गोळ्यांनी ते उतरतं. आणि आता जगून काय करायचं असं कोणी वारंवार म्हणत असेल तर हसण्यावारी नेऊ नका, सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का, विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : माझ्या वडिलांना ८१ व्या वर्षी ११ गोळ्या चालू आहेत, चार वेगवेगळे डॉक्टर. अर्धा दिवस झोपेत असतात. यातल्या सगळ्या लागतात का?

उत्तर : माहीत नाही, पण प्रश्न अगदी बरोबर आहे. पाच किंवा जास्त औषधं झाली की आम्ही सावध होतो. एक साखळी सांगते, फार वेळा दिसते. बीपीसाठी अॅम्लोडिपिन दिली, तिने पाय सुजले. सूज म्हणून लघवी होण्याची गोळी आली. त्याने रात्री चारदा उठावं लागतं, झोप मोडते, मग झोपेची गोळी. ती घेऊन अर्धवट झोपेत बाथरूमला जाताना पडले. आता कंबरेसाठी पेनकिलर, पेनकिलरने बीपी वाढलं. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होता, पूर्ण साखळी कोणीच बघितली नाही. सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा, सर्दीच्या, दुकानातून आपणहून आणलेल्या, कोणाच्या सांगण्यावरून घेतलेल्या पावडरीसुद्धा, आणि एकाच फिजिशियनकडे किंवा जेरियाट्रिशियनकडे (म्हाताऱ्या माणसांच्या आजारांचे डॉक्टर) जाऊन एकेका गोळीवर बोट ठेवून विचारा की ही कशासाठी, कधीपर्यंत, आणि नाही घेतली तर काय होईल. सर्दी आणि ॲलर्जीच्या जुन्या झोप आणणाऱ्या गोळ्या या वयात गोंधळ, लघवी अडकणं, बद्धकोष्ठ सगळं करतात आणि त्यांच्याकडे कोणाचं लक्षच नसतं. फक्त घरी बसून कात्री लावू नका, बीटा ब्लॉकर, स्टेरॉइड, झोपेच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर महागात पडतं, कमी करायच्या त्या एकेक करून आणि हळू.

प्रश्न : मिस्टरांना डिमेन्शिया आहे, मी ६८ वर्षांची, मलाही बीपी आहे. रात्री तीनतीनदा उठते. मुलं फोन करतात, आई काळजी घे म्हणतात. मला कधीकधी मिस्टरांचा इतका राग येतो की मग रडू येतं. मी वाईट आहे का?

उत्तर : नाही हो ताई. तुम्ही दमलायत. हा भार मोजायला झॅरिट नावाची २२ प्रश्नांची यादी आहे, १९८० पासून तिच्यावर काम चालू आहे, आणि राग येणं, स्वतःला वेळ नसणं, आपली तब्येत ढासळणं हे सगळे प्रश्न तिच्यात आहेतच, म्हणजे तुमच्यासारख्या किती बायका असतील बघा. काळजी घे हे वाक्य मुलांकडून घेऊ नका, काम घ्या. शनिवारची रात्र तू, औषधं आणणं तू, बँकेचं तू, असं नाव घालून वाटा. मोघम मदत मागितली की मोघमच मिळते. रात्री मिस्टर का उठतात तेही बघा, दुपारची झोप जास्त होतेय का, लघवीची गोळी संध्याकाळी देताय का, कुठे दुखतंय पण सांगता येत नाहीये का, यातली बरीच कारणं सुटणारी असतात. एकदोन रात्री सलग झोप मिळावी म्हणून पगारी माणूस ठेवायला लागला तर ठेवा, ती चैन नाही. आणि तुमचं स्वतःचं बीपी शेवटचं कधी तपासलं?

प्रश्न : आजोबांचं हार्ट फेल्युअर आहे, डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरच्या टीमला भेटा सांगितलं. म्हणजे हात टेकले का?

उत्तर : नाही. दम, दुखणं, झोप, भीती, घरच्यांची धावपळ हे सगळं नीट हाताळणारी ती टीम असते आणि हार्टचे उपचार चालू ठेवूनच ती मदत घेता येते. २०१० मध्ये फुफ्फुसांच्या कॅन्सरवर एक महत्त्वाचा अभ्यास छापला गेला, ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांसोबत ही केअर मिळाली त्यांची क्वालिटी ऑफ लाइफ चांगली होती, डिप्रेशन कमी होतं, आणि ते सरासरी जास्त जगलेही. हार्टमध्ये जास्त जगण्याचं असं ठाम म्हणता येणार नाही पण त्रास कमी होतो हे नक्की. लवकर भेटा, अगदी शेवटी जाऊन त्यांनाही फार काही करता येत नाही.

प्रश्न : बाबांना ऐकू येत नाही, कानाचं मशीन घेऊन दिलं तर ड्रॉवरमध्ये पडलंय. म्हणतात नुसता गोंगाट होतो. घरात सगळे हसत असले की उठून आत जातात.

उत्तर : हे किरकोळ वाटतं पण माणसाला घरातच एकटं पाडणारं याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि मधल्या वयापासून कमी ऐकू येणं हे डिमेन्शियाच्या टाळता येण्यासारख्या कारणांमध्येही धरतात. आधी कानात मळ आहे का बघून घ्या, खरंच. मग मशीन परत ट्यून करायला न्या, एकदा बसवून काम होत नाही, दोनतीन फेऱ्या लागतात. इतकी वर्षं न ऐकलेले पंख्याचे, भांड्यांचे आवाज एकदम आले की मेंदूला तो गोंगाटच वाटतो, सवय व्हायला काही आठवडे जातात. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ लावायचा हट्ट करू नका. सुरुवातीला शांत खोलीत एकाच माणसाशी बोलताना तासभर, टीव्ही बंद ठेवून, मग दोन तास, मग दोनतीन माणसांत, आणि घरभर गलका असताना सगळ्यात शेवटी. तुम्ही समोर बसून तोंड दिसेल असं बोला. ओरडू नका, ओरडलं की शब्द अजून फाटतात.